मानधन, मजुरी आणि स्मृती मानधना

मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे जाताना गहुंजे गावाच्या शिवारात क्रिकेटचे एक मोठे स्टेडियम दिसते. गाव आपल्या मावळ तालुक्यातले. पुष्कळांना ते पुण्याचे वाटते, कारण तिकिटावर पुणे छापलेले असते. या मैदानावर २३ ते २८ मे २०२२ या आठवड्यात महिलांची एक स्पर्धा झाली. संघ तीन, सामने अंतिम सामना धरून चार. त्याच वर्षी पुरुषांच्या आयपीएल स्पर्धेत दहा संघ होते आणि चौऱ्याहत्तर सामने झाले. गहुंजे येथील तीन संघांपैकी ट्रेलब्लेझर्स या संघाची कर्णधार सांगलीची स्मृती मानधना होती. तिचा संघ पहिला सामना एकोणपन्नास धावांनी हरला, दुसरा सोळा धावांनी जिंकला, आणि धावगतीच्या हिशेबात मागे पडून बाहेर गेला. जिंकूनही बाहेर जाण्यास कारणीभूत झाली ती सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे. विरुद्ध संघाकडून तिने चौतीस चेंडूंत एकोणसत्तर धावा केल्या, आणि सामना हरूनही तिचा संघ अंतिम फेरीत गेला. म्हणजे त्या वेळची भारतातील सर्वोत्तम सलामीची फलंदाज आपल्या गावी आली, तिला दोन दिवस काम मिळाले, आणि तिचा हंगाम संपला.

‘काम मिळाले’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा दहावीला सुटली, आणि पुढचे जे काही शिकलो ते नगरपालिकेच्या वाचनालयात व कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा माझ्यासारख्या माणसाने खेळावर बोलावे काय, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु ज्या खेळावर माणसाचे पोट चालते, तो खेळ म्हणजे काम होय. आणि जेथे काम आहे, तेथे मजुरीचा दर, कामाचे दिवस, अपघात, करार आणि वाटाघाटी हे सारे आलेच. तिच्या चौकार-षटकारांचे वर्णन तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचलेले आहे. मला पाहावयाचे आहे ते तिच्या व्यवसायाकडे.

आधी तिच्या नावाविषयी दोन शब्द. मानधना हे राजस्थानाकडून आलेल्या कुटुंबाचे आडनाव आहे, आणि आपल्या मराठीतील ‘मानधन’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पण आम्हा संघटनेच्या लोकांना हा शब्द कानावर पडला की दचकायला होते. अंगणवाडीतील सेविका सकाळपासून पोरे सांभाळते, वजने घेते, नोंदी लिहिते. तिला जे मिळते त्याला सरकारदरबारी वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. वेतन म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा हे सारे मागे लागते. मानधन म्हटले की तुमचा मान राखला, आता धनाचे फार विचारू नका! भारतातील स्त्रियांच्या क्रिकेटचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे या मानधनापासून वेतनाकडे झालेली वाटचाल आहे, आणि ती वाट अजून पुरती संपलेली नाही.

या इतिहासाचा आरंभही आपल्या जिल्ह्यातच आहे. १९७३ साली महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यास भरली. तीत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीन संघ होते. श्रोत्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९७३ मध्ये पुण्यास तीन संघ, आणि एकोणपन्नास वर्षांनी गहुंज्यासही तीनच! १९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ आला, तेव्हाही पहिला सामना पुण्याला झाला आणि भारताचे नेतृत्व उज्ज्वला निकम यांनी केले. त्या पिढीच्या खेळाडूंनी आरक्षण नसलेल्या डब्यांतून प्रवास केले, शाळांच्या खोल्यांतून सतरंज्यांवर मुक्काम केले. पैसे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुष्कळदा पदरचे घालावे लागत.

या काळात स्त्री-क्रिकेट जगले ते रेल्वेच्या जोरावर, हे लोणावळ्यासारख्या रेल्वेच्या गावाला सांगताना मला विशेष आनंद होतो. डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या, मिताली राज रेल्वेत होत्या, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या संघाने वर्षानुवर्षे इतरांना उभे राहू दिले नाही. यात काही गूढ नाही. इतर राज्यांतील मुलीला लग्न, नोकरी किंवा खेळ यांतून निवड करावी लागे. रेल्वेतील मुलीला महिन्याचा पगार, पास आणि सरावाची सवलत होती. चांगला खेळ हा पोटाची चिंता मिटल्यावर येतो, एवढेच ते सिद्ध करते. उलट बाजूही पाहा. २००५ साली भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. त्या स्पर्धेत खेळाडूला सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असे त्या संघाच्या कर्णधार मिताली राज यांनी पुढे सांगितले आहे. आठ सामन्यांचे आठ हजार, तेही तेवढ्या स्पर्धेपुरते. २००६ साली महिलांचा कारभार भारतीय क्रिकेट मंडळाकडे आला. मंडळ श्रीमंत होते, पण घरात आलेल्या सुनेला तिजोरीची किल्ली लगेच मिळत नाही.

अशा वेळी सांगलीजवळ माधवनगरला एक मुलगी फलंदाजी शिकत होती. स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईचा. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीस आले. सांगली हे खेळाचे जुने गाव आहे. विजय हजारे तेथे जन्मले, बॅडमिंटनचे नंदू नाटेकरही तेथलेच. स्मृतीचा मोठा भाऊ महाराष्ट्राच्या लहान गटातून खेळे, आणि त्याचे पाहून ही मैदानात गेली. चेंडू टाकते उजव्या हाताने, पण फलंदाजी करते डाव्या हाताने. नवव्या वर्षी तिची महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवड झाली आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. अनंत तांबवेकर हे तिचे सांगलीतले प्रशिक्षक. सारे घर या एका कामाला जुंपलेले होते. वडील सरावाचे पाहात, आई खाण्यापिण्याचे पाहात असे, भाऊ चेंडू टाके. कारखान्यात कुशल कारागीर तयार होतो तेव्हा त्याच्या शिकाऊपणाचा खर्च कोणीतरी उचललेला असतो. येथे तो घराने उचलला. ज्या घराला तो उचलता येत नाही, त्या घरातील मुलीचे नाव आपल्याला कधी कळतच नाही.

एप्रिल २०१३ मध्ये, सतरावे वर्ष पुरे होण्याआधी, ती बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्यास गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने दीडशे चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडात वर्म्सली येथे ती पहिली कसोटी खेळली. भारताच्या अकरा जणींपैकी आठ जणींची ती पहिलीच कसोटी होती, कारण भारतीय महिलांना त्याआधी आठ वर्षे कसोटी सामना मिळालाच नव्हता. तरी त्या जिंकल्या. दुसऱ्या डावात स्मृतीने एक्कावन्न धावा केल्या. सोनाराला आठ वर्षे सोने न देता नवव्या वर्षी एकदम दागिना घडवावयास सांगावे आणि त्याने तो घडवावा, तसा हा प्रकार होता.

सलामीच्या फलंदाजाचे काम कसे असते, हे ज्यांना क्रिकेटचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवा चेंडू कठीण असतो, हवेत वळतो, उसळतो. त्या वेळी जो पुढे जाईल त्याच्यावर साऱ्या संघाचा धोका येतो. कारखान्यातील भट्टीवरच्या माणसासारखे हे काम. पहिली धग त्याला लागते. स्मृतीचे वैशिष्ट्य असे की ती धग सोसत बसत नाही. चेंडूवर ताकद न लावता, तो योग्य क्षणी बॅटला लागू देऊन ऑफच्या बाजूने सीमेकडे पाठवते. पाहणाऱ्याला ते सोपे वाटते. सफाईदार कारागिराचे काम नेहमीच सोपे वाटते, आणि मालक लोक त्यावरून दर कमी करण्याचा विचार करतात, ही गोष्ट वेगळी.

२०१६ मध्ये मंडळाने महिलांना परदेशी साखळी स्पर्धांत खेळण्याची मोकळीक दिली, आणि स्मृती व हरमनप्रीत कौर या ऑस्ट्रेलियातील साखळीत करार झालेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया ठरल्या. तेथेच जानेवारी २०१७ मध्ये स्मृतीच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, महिनेच्या महिने व्यायाम करावा लागला. श्रोतेहो, शरीर हेच ज्याचे हत्यार आहे त्या माणसाच्या गुडघ्याला काय किंमत असते, हे आपल्याकडच्या माथाडी कामगाराला विचारा. ती बरी होऊन थेट जून महिन्यात इंग्लंडात विश्वचषकाला उतरली. इंग्लंडविरुद्ध नव्वद, वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. मग मात्र धावा आटल्या. लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली आणि भारत नऊ धावांनी हरला. पण त्या एका दिवसाने देशातील लाखो घरांना कळले की स्त्रियाही क्रिकेट खेळतात. त्यानंतरची तिची यादी मोठी आहे. २०१८ आणि २०२१ या दोन वर्षी ती जगातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात दिवसरात्र कसोटीत १२७. २०२४ मध्ये चेन्नईच्या कसोटीत १४९. जून २०२५ मध्ये नॉटिंगहॅमला वीस षटकांच्या सामन्यात ११२, आणि त्याबरोबर खेळाच्या तिन्ही प्रकारांत शतक करणारी पहिली भारतीय स्त्री हा मान.

आता दराकडे वळू. २०१५ साली मंडळाने महिलांना प्रथमच वार्षिक करार दिले. वरच्या श्रेणीला पंधरा लाख. २०१८ मध्ये ते पन्नास लाख झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगसाठी मुंबईत लिलाव झाला, त्यात बंगळूरच्या संघाने स्मृतीला तीन कोटी चाळीस लाखांना घेतले. त्या लिलावातील ती सर्वाधिक बोली. लिलाव हा शब्द मला माणसांच्या बाबतीत आवडत नाही. पण पुरुषांचाही तो असाच होतो. पहिल्या वर्षी तिच्या संघाने आठांपैकी दोनच सामने जिंकले आणि तिची फलंदाजीही चालली नाही. तेव्हा ‘तीन कोटींना काय विकत घेतले?’ असे टोमणे निघाले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, तिच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने करंडक जिंकला; त्याच नावाच्या पुरुष संघाला तोवर सोळा वर्षांत तो मिळालेला नव्हता. हे सर्व खरे. पण २०२३ मध्ये महिलांच्या एका संघाला सर्व खेळाडूंवर मिळून खर्च करावयास बारा कोटींची मर्यादा होती, पुरुषांच्या संघाला पंच्याण्णव कोटींची. त्याच हंगामासाठी पुरुषांच्या लिलावात एका खेळाडूवर साडेअठरा कोटी लागले. म्हणजे एका पुरुषाच्या किमतीत स्त्रियांचा संपूर्ण संघ येऊन साडेसहा कोटी उरले असते.

येथे थोडा वेळ भारत सोडून स्पेनला जाऊ, कारण मजुरीचा एक वेगळा प्रकार तेथे नीट दिसतो. गोल्फ हा खेळ आपण लोणावळ्याचे लोक बंगल्यांच्या पाहुण्यांकडून ऐकतो. बंगळूरची अदिती अशोक २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एका फटक्याच्या फरकाने पदकाला मुकून चौथी आली, तेव्हा पहाटे उठून पुष्कळांनी तो प्रथमच पाहिला. याच अदितीने २०२३ मध्ये स्पेनची राष्ट्रीय खुली स्पर्धा जिंकली. स्पेनची स्वतःची नामांकित व्यावसायिक खेळाडू म्हणजे कार्लोटा सिगांडा. १९९० सालचा जन्म, गाव पाम्प्लोना. २०१२ हे युरोपच्या स्पर्धांतील तिचे पहिले पूर्ण वर्ष. त्याच वर्षी ती कमाईच्या यादीत पहिली आली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेत तिने दोन स्पर्धा जिंकल्या. तिसरी स्पर्धा जिंकली ती २०२५ च्या जूनमध्ये. मध्ये साडेआठ वर्षे गेली, आणि त्या साडेआठ वर्षांत ती जगातील चांगल्या खेळाडूंत गणली जात होती!

गोल्फमध्ये कोणी पगार देत नाही. स्पर्धेच्या पहिल्या दोन दिवसांनंतर सुमारे निम्मे खेळाडू गाळले जातात, आणि गाळलेल्यांना सर्वसाधारणपणे काही मिळत नाही. विमानाचे भाडे, हॉटेलचे बिल, पिशवी वाहणाऱ्या कॅडीची आठवड्याची मजुरी हे सारे स्वतःच्या खिशातून. आमच्या भाषेत याला नगावरचे काम म्हणतात; माल पास झाला तर पैसे, नाही तर दोरा-सुईचा खर्चही अंगावर. आणि घड्याळही डोक्यावर असते. जुलै २०२३ मध्ये फ्रान्समधील एव्हियन येथे सिगांडा संथ खेळते म्हणून तिला दोन फटक्यांचा दंड झाला. तिने तो आपल्या गुणपत्रिकेत धरला नाही, तशीच सही केली, आणि स्पर्धेतून बाद झाली. नियम नियमच आहे. तरी हातात घड्याळ घेऊन मागे उभा राहणारा टाइम-स्टडीवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिचा राग कळेल. दोन महिन्यांनी स्पेनच्याच भूमीवर युरोप विरुद्ध अमेरिका असा सॉल्हाइम करंडकाचा सामना झाला. तिने आपल्या चारही लढती जिंकल्या, आणि तिच्या शेवटच्या विजयामुळे करंडक युरोपकडे राहिला. त्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम नसते.

गोल्फच्या या स्त्रियांचे एक मात्र घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील तेरा स्त्री-खेळाडूंनी १९५० सालीच आपली व्यावसायिक संघटना स्थापन केली. सिगांडा आणि अदिती आज ज्या मालिकेत खेळतात ती त्याच संघटनेची. सुरुवातीला त्या स्वतःच मैदान आखत, स्वतःच हिशेब ठेवीत. तरी त्यांनाही अजून पुरुषांइतके मिळत नाही. २०२४ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत स्त्रियांसाठी एकूण बक्षीस एक कोटी वीस लाख डॉलर, पुरुषांसाठी दोन कोटी पंधरा लाख. टेनिसमध्ये नऊ जणींनी १९७० साली एकेका डॉलरच्या करारावर सही करून वेगळी मालिका सुरू केली, आणि १९७३ मध्ये अमेरिकन स्पर्धेत स्त्री-पुरुषांचे बक्षीस समान झाले. मागितल्याशिवाय मिळाले, असे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

एक अपवाद वाटावा अशी गोष्ट आपल्याकडे घडली. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय मंडळाने जाहीर केले की करारबद्ध स्त्रियांना सामन्यामागे पुरुषांइतकेच पैसे मिळतील. कसोटीस पंधरा लाख, एकदिवसीयास सहा लाख, वीस षटकांच्या सामन्यास तीन लाख. त्याआधी मर्यादित षटकांच्या सामन्यास स्त्रीला एक लाख मिळत. समान कामास समान वेतन हा कायदा देशात १९७६ सालापासून आहे, पुढे तो वेतन संहितेत विलीन झाला; पण क्रिकेटच्या मैदानात तो कोणी नेला नव्हता. निर्णयाचे स्वागत केलेच पाहिजे, आणि मी ते मनापासून करतो. परंतु संघटनेच्या माणसाला परिपत्रक दोनदा वाचण्याची खोड असते.

आमच्या भागातील एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एकाच यंत्रावर पहिल्या पाळीला बाई आणि दुसऱ्या पाळीला पुरुष काम करीत. पुरुष ‘ऑपरेटर’, बाई ‘हेल्पर’. विचारले तर उत्तर तयार असे की, ‘साहेब, आमच्याकडे हेल्परमध्ये स्त्री-पुरुष भेद अजिबात नाही!’ भेद दरात नव्हता, पाटीत होता. क्रिकेटमध्येही दर समान झाला, पण वार्षिक कराराच्या श्रेणी निराळ्या राहिल्या. २०२४-२५ मध्ये स्मृती महिलांच्या सर्वोच्च श्रेणीत होती. तिचा वार्षिक करार पन्नास लाखांचा. पुरुषांची सर्वोच्च श्रेणी सात कोटींची, आणि सर्वांत खालची एक कोटीची. जगातील पहिल्या दोन-तीन फलंदाजांत गणली जाणारी स्त्री, संघात नुकत्याच आलेल्या पोराच्या निम्म्यावर.

दुसरा मुद्दा कामाच्या दिवसांचा. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत हे येथील वयस्क मंडळींना आठवत असेल. सकाळी दारात उभे राहावयाचे, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर आत जावयाचे, नाही तर घरी. आत गेलेल्याला दर तोच मिळे. पण महिन्यात दहा दिवसच आत गेला, तर त्या समान दराचे तो काय करील? कसोटीचे पंधरा लाख हे आकडेवारीत उत्तम दिसतात. स्मृती ऑगस्ट २०१४ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळात, एकूण सात कसोट्या खेळली. पुरुषांचा संघ एका वर्षात त्याहून अधिक खेळतो. ती बदली कामगार नाही, जगातील पहिल्या नंबरची कारागीर आहे. तरी कसोटीपुरती ती दारातच उभी आहे.

स्मृतीला याने फारसे बिघडत नाही, हे मी जाणतो. जाहिराती आहेत, लीगचे पैसे आहेत, सांगलीत तिचे उपाहारगृह आहे. प्रश्न तिच्या खालच्या रांगेचा आहे. महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघात खेळणाऱ्या मुलीला देशांतर्गत सामन्यास दिवसाला वीस हजार मिळत, राखीव असेल तर दहा. २०२५ च्या डिसेंबरात हा दर पन्नास हजार आणि पंचवीस हजार करण्यात आला. मोठी वाढ झाली, यात शंका नाही. पण ही रोजंदारी आहे, आणि रोजंदारीत दिवस मोजावे लागतात. समजा एखाद्या मुलीला वर्षात वीस दिवस खेळावयास मिळाले, तर दहा लाख झाले. बोट मोडून तीन महिने बसली, तर काही नाही. आपल्या मावळातील मुली पहाटेच्या लोकलने पुण्याला सरावाला जातात, किट खांद्यावर घेऊन. त्यांच्या आईबापांनी हिशेब करावयाचा तो या दिवसांचा, तीन कोटी चाळीस लाखांचा नव्हे.

हा दर का वाढला, हेही सांगितले पाहिजे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या स्त्रियांनी दक्षिण आफ्रिकेला बावन्न धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. साखळीत लागोपाठ तीन सामने हरलेला संघ होता. स्मृतीने न्यूझीलंडविरुद्ध १०९ केल्या, अंतिम सामन्यात पंचेचाळीस, आणि साऱ्या स्पर्धेत ४३४. आंतरराष्ट्रीय परिषदेचे बक्षीस चव्वेचाळीस लाख ऐंशी हजार डॉलर होते; शिवाय भारतीय मंडळाने एक्कावन्न कोटी जाहीर केले. आनंदाच्या भरात दिलेले हे पैसे आहेत आणि त्यांनी ते कमावले आहेत. तरी बोनसचा कायदा १९६५ साली झाला त्याआधी दिवाळीत मालकाच्या मर्जीने मिळणाऱ्या पैशाला काय म्हणत, हे जुन्या कामगारांना ठाऊक आहे. बक्षीस जिंकल्यावर मिळते. २०१७ साली नऊ धावांनी हरलेल्या संघाचे श्रम काही कमी नव्हते. त्या वेळी मंडळाने प्रत्येकीला पन्नास लाख दिले खरे, पण तेही मंडळाच्या मनात आले म्हणून.

मनात येण्यावर न ठेवता हे कागदावर कसे आणतात, ते ऑस्ट्रेलियात पाहावयास मिळते. तेथे खेळाडूंची संघटना आहे. २०१७ साली तेथील क्रिकेट मंडळाने नव्या कराराचा जो मसुदा ठेवला, त्यात बड्या पुरुष खेळाडूंसाठी उत्पन्नातला वाटा होता, पण राज्यपातळीवरच्या खेळाडूंना त्यातून वगळले होते. बड्यांनी सही करावयास नकार दिला. ३० जून २०१७ रोजी जुना करार संपला आणि सुमारे दोनशे तीस खेळाडू, स्त्रिया व पुरुष, बिनकामाचे झाले. महिनाभर कोणी फुटले नाही. ऑगस्टच्या आरंभी तडजोड झाली. उत्पन्नातील वाटा सर्वांना राहिला, स्त्रिया प्रथमच त्याच करारात आल्या, आणि त्यांच्यासाठीची एकूण रक्कम पंचाहत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवरून पाच कोटी बावन्न लाखांवर गेली. ज्या पुरुषांना स्वतःपुरते भरपूर मिळत होते, ते खालच्या रांगेसाठी आणि स्त्रियांसाठी घरी बसले. आपल्याकडे कारखान्यातील कायम कामगारांनी कंत्राटी कामगारांसाठी असे किती वेळा केले, हा प्रश्न मी युनियनच्या सभेत विचारतो तेव्हा शांतता पसरते.

भारतात खेळाडूंची संघटना २०१९ साली झाली. लोढा समितीच्या शिफारशींमुळे ती झाली आणि तिला मंडळाची मान्यताही आहे. तिचे प्रतिनिधी मंडळाच्या वरिष्ठ समितीत बसतात, त्यांत एक स्त्री असते. निवृत्त खेळाडूंचे वैद्यकीय साहाय्य, निवृत्तिवेतन असे प्रश्न ती पाहते. पण खेळत असलेल्या खेळाडूला तिचे सभासद होता येत नाही. म्हणजे ज्यांची मजुरी ठरावयाची आहे, त्यांच्या वतीने मागणीपत्रक ठेवणारे कोणी नाही. स्मृतीलाही त्या संघटनेत जाता येईल. त्यासाठी तिला आधी बॅट खाली ठेवावी लागेल.